लेकराची वाचा आणि घरची बोली

(मठाच्या वर्धापनदिनाच्या उत्सवात सभामंडपात झालेले व्याख्यान)



उत्सवातील एका दिवशी एखाद्या संसारी माणसाने आपल्या घरातील अनुभव सांगावा, अशी व्यवस्थापक मंडळींची यंदा इच्छा झाली आणि त्यांची दृष्टी माझ्याकडे वळली. मी शास्त्री नव्हे, वैद्यही नव्हे. सौंसरला शिक्षकाचे काम करतो, माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची आहे, आणि तिसऱ्या वर्षात असलेली एक कन्या मला आहे. एवढ्याच अधिकारावर मी उभा आहे. मूल वाढताना आईबाप काय पाहतात, काय पाहूनही पाहत नाहीत, आणि त्यापायी घरात काय घडते, हे सांगावे असा माझा विचार आहे. त्यात माझी एक चूकही येईल. ती लपवून बोलायचे तर येथे उभे राहण्यात अर्थ नाही.

कन्येचा जन्म जानेवारी २०२३ मधला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपले पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. त्यामुळे पोरगी जिल्ह्यापेक्षा नऊ महिन्यांनी वडील, अशी आमच्या घरी थट्टा चालते. जिल्ह्याची नोंद सरकारी दप्तरात होते. पोरीची नोंद मी एका वहीत ठेवू लागलो. हा माझा नवा शोध नव्हे. इंग्लंडातील चार्ल्स डार्विन याने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या. तो मुलगा बरोबर एक वर्षाचा असताना त्याने अन्नासाठी स्वतःच एक शब्द काढला, आणि तो होता 'मम्'. हे वाचून मला हसू आले, कारण आपल्या घराघरांत भाताच्या घासाला 'मंमं' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या आज्यांनी काही डार्विनपासून घेतलेला नाही.

आपल्या जुन्या माणसांजवळ वही नव्हती, पण नोंद नव्हती असे मात्र नाही. मूल मान धरते, पालथे पडते, बसते होते, रांगते, धरून उभे राहते, पाऊल टाकते. प्रत्येक टप्प्याला आपल्या भाषेत स्वतःचा शब्द आहे आणि काहींना स्वतःचा सोहळाही आहे. उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करावे, असा प्रघात. आमच्या कन्येचे सातव्या महिन्यात झाले. जागतिक आरोग्य संघटनाही आज असेच सांगते की, सहा महिने पुरे होईतो केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावे. प्रघात आणि शास्त्र येथे जुळले, याचा आईला फार आनंद झाला. सगळीकडे ते जुळतेच असे नाही.

बोरन्हाणाचेच पाहा. २०२४ च्या संक्रांतीत कन्या वर्षाची झाली होती. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे करवे ओतले. भोवतालची पोरे तुटून पडली. आमच्या कन्येने मात्र मांडीवर पडलेला एकच मुरमुरा पुष्कळ वेळ न्याहाळला आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून उचलला. नवव्या ते बाराव्या महिन्याच्या सुमारास ही चिमट साधते. त्याआधी मूल सगळा पंजा मारून वस्तू गोळा करते. पुढे जो हात लेखणी धरणार आणि संत्र्याच्या फोडीतून बी काढणार, त्याचा आरंभ तो मुरमुरा होता. मी वहीत तसे लिहिले. पण लिहीत असतानाच तिने एक बोर तोंडात टाकले, आणि माझ्या पत्नीने ते काढीपर्यंत आम्हां सर्वांचे प्राण कंठाशी आले. माताभगिनींनो, सोहळा जरूर करा. पण बोरे, शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांच्या आतील मुलाच्या हाती लागू देऊ नका. श्वासनलिकेत अडकलेला दाणा क्षणात घात करतो. ओतायला मुरमुरे पुरेसे आहेत.

चालण्याच्या बाबतीत आमच्या घरी बरीच अस्वस्थता होती. शेजारचा मुलगा अकराव्या महिन्यात अंगणभर धावू लागला. आमची कन्या रांगलीच नाही. बसल्या बसल्या सरकत ती घरभर फिरे, आणि पहिले पाऊल तिने टाकले ते सोळाव्या महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, मे महिन्यात. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्याने चालण्याचा काळ त्यांना सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला, आणि शंभरांत सुमारे चार मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी ती नीट चालू लागली. हे मला आधी ठाऊक असते तर कित्येक रात्री मी सुखाने झोपलो असतो. दोन मुलांत सहा-सहा महिन्यांचे अंतर पडते आणि त्यात शेजाऱ्याचा विजय नसतो की आपला पराभव नसतो.

आईने माळ्यावरून माझा लहानपणीचा लाकडी पांगुळगाडा काढला. लोक आता बाजारातून चाकांचे बैठे वॉकर आणतात. त्यात मूल लोंबकळत बसते, पायांच्या बोटांनी जमीन ढकलते आणि उंबरठ्यावरून किंवा जिन्यावरून क्षणात खाली जाते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्याचे तसे नाही. त्याच्यामागे मुलाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते, आणि तोल गेला की ते सरळ खाली बसते. तरीही त्यामागे मोठ्या माणसाचा डोळा हवाच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती वाचेची आहे.

नवव्या महिन्यात कन्या 'बाबाबा', 'दादादा' असे एकसारखे बडबडे. तिला बाप कळला, असे मी मानले; वस्तुतः त्या वयात त्या अक्षरांना अर्थ नसतो, मूल जिभेला आणि ओठांना तालीम देत असते. त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही पावसाळ्यात तिला वारंवार सर्दी झाली. बडबड थोडी उणी झाली. ही नोंद माझ्या वहीत आहे, माझ्याच हस्ताक्षरात आहे, आणि तरीही मी ती लिहून पुढे गेलो. तिचा अर्थ विचारला नाही. पंधराव्या महिन्यात एकही शब्द नाही. अठराव्यात नाही. हाक मारावी तर कधी मान वळे, कधी वळत नसे. आम्ही म्हणायचो, खेळात दंग आहे. हवे ते मात्र ती बोटाने नेमके दाखवी: फळीवरचे संत्रे, आकाशातला चंद्र, दारातली गाय.

जुलै २०२४ मध्ये आमच्या एका स्नेह्यांनी, जे माझ्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत, मला गंभीरपणे सांगितले की, दोन भाषांचे ओझे मुलीला पेलवत नाही. घरात वऱ्हाडी, दारात हिंदी. पोरगी गोंधळली आहे. शाळा हिंदीत होणार, बाजार हिंदीत चालणार; तेव्हा घरातही एकच भाषा ठेवा, ती हिंदी ठेवा.

आपल्या भागात ही सल्लामसलत नवी नाही. जुन्या मध्यप्रदेशात राजधानी नागपूर होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण छिंदवाड्यासह मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपली चूल एका भाषेत आणि कचेरी दुसऱ्या भाषेत. दोन्हींवर आपले प्रेम आहे. आपला स्मरणग्रंथही दोन्ही भाषांत निघत आहे. पण मुलाचे काही अडले की आईबापांना पहिला संशय घरच्या बोलीचाच येतो. शिक्षक असून मलाही आला. मी स्नेह्यांचे ऐकले.

आईला जाऊन सांगितले की, आजपासून लेकराशी हिंदीतच बोलायचे. आईला हिंदी सगळी कळते, पण ती तिच्या तोंडात बसत नाही. ती एवढेच म्हणाली, "बरं बापा, तुम्ही शिकेल मानसं." त्यानंतर तिने वाद घातला नाही आणि फारसे बोलणेही ठेवले नाही. पूर्वी ती भाजी निवडताना कन्येला समोर बसवून चिऊ, काऊ, हम्मा, सगळ्या गावाची हकिकत सांगे. आता ती भाजी निवडे, कन्या समोर बसे, आणि दोघी मुक्या. हे मी रोज शाळेतून आल्यावर पाहत होतो. शिस्त पाळली जात आहे, याचे मला समाधान वाटे.

सप्टेंबरात पोळा आला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन तीरांवर गोटमार असते, तेव्हा त्या दिवशी आम्ही सासुरवाडीला जात नाही. सौंसरलाच तान्हा पोळा करतो. कन्येसाठी चाकांचा लाकडी बैल आणला होता. वीस महिन्यांची पोर दोरी धरून मागे बघत बघत तो ओढत निघाली. मागे वळून पाहत चालणे हाही एक टप्पाच आहे, मी मनात नोंद केली. सगळी पोरे घरोघर बोजारा मागत ओरडत होती. आमची कन्या गप्प. तिच्या शेजारून आई चालत होती आणि मधून मधून परक्या स्वरात "चलो बेटा" म्हणत होती. माझ्या आईच्या तोंडून ते दोन शब्द असे ऐकून मला पहिल्यांदा आपण काहीतरी अवघड चुकतो आहोत असे वाटले. पण नेमके काय चुकते, ते तेव्हाही कळले नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिला नागपूरला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मी भाषांचे व्याख्यान सुरू केले. त्यांनी ते थांबवून चार प्रश्न विचारले: बोटाने दाखवते का, नजरेला नजर देते का, हाकेला नेहमी वळते का, सर्दी वारंवार होते का. मग त्यांनी कानाची तपासणी सांगितली. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले, दोन्ही कानांत.

याची रचना थोडी सांगतो, कारण हे पुष्कळ लहान मुलांत होते. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. तिच्यातून कानात हवा खेळते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती मिटली की पडद्यामागे पाणी राहते आणि पडदा मोकळेपणाने हलत नाही. मूल बहिरे होत नाही. पण दोन्ही कानांत बोटे घालून आपण ऐकावे तसे त्याला ऐकू येते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. बहुधा दोन-तीन महिन्यांत ते पाणी आपोआप जाते. न गेल्यास पडद्यात बारीक नळी बसवितात. म्हणजे माझी पोर भाषांच्या ओझ्याखाली दबली नव्हती. तिला नीट ऐकूच येत नव्हते, आणि अशा वेळी जी व्यक्ती दिवसभर तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत असे, तिलाच मी गप्प बसविले होते.

डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. जवळ बसून, समोरून, थोड्या मोठ्याने पुष्कळ बोला, आणि जी भाषा सहज येते तीत बोला, एवढेच ते म्हणाले.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. मूल आईचा आवाज गर्भातच ऐकू लागते. २००९ मध्ये जर्मन आणि फ्रेंच घरांतील नवजात अर्भकांच्या रडण्याचा अभ्यास झाला, तेव्हा त्या रडण्याचे चढउतारही आपापल्या मातृभाषेच्या वळणाचे आढळले. कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकविले. बाळांनी भेद ओळखला. त्यांच्या आईबापांसारख्या प्रौढांना तो कठीण गेला. वर्षाच्या आतबाहेर बाळांचेही ते सामर्थ्य ओसरले, कारण घरात तो भेद कोणी करीतच नव्हते. सहा महिन्यांचे मूल पुष्कळ भाषांचे स्वागत करू शकते. ते गोंधळत नाही. घरातून जे कानी पडेल ते राखते, न पडेल ते सोडते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजावे लागतात. एकाच भाषेचे मोजले म्हणजे ते मूल उगाच मागासलेले दिसते. दोन भाषांमुळे वाचा उशिरा फुटते, याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही.

येथे एक विनोद सांगतो. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, म्हणून तो तरी मराठीने मुलीला द्यावा, असा माझा अभिमान होता. पण आमच्या वऱ्हाडीत आईच्या तोंडी डोळ्याचा 'डोया' होतो आणि काळ्याचा 'काया'. तेव्हा 'ळ' देण्याचे काम माझ्याकडेच आले. अद्याप यश नाही.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. वर्षाचे मूल मुळीच बडबडत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर 'आमचाही काका चौथ्या वर्षी बोलला' असे म्हणून थांबू नका. सर्वांत आधी कान तपासून घ्या. आमचे पाणी होते म्हणून निभावले. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या बाबतीत तर महिन्यामहिन्याचे मोल आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक सांगतात. यासाठी धनिक असण्याची आवश्यकता नाही. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बालकाच्या कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडी हा शब्दही आपल्या ताराबाई मोडकांच्या कार्यातून आलेला आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या, आणि मूल येत नाही तर आपण त्याच्या अंगणात जावे, असे ठरविले. अंगणात जायचे म्हणजे अंगणातली बोलीही आलीच.

नागपूरहून परतल्यावर मी आईपाशी गेलो. तिला म्हणालो, माझे चुकले. तू पूर्वीसारखीच बोल. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबविता म्हणाली, "मी कुठी सोडलं होतं? थे झोपली का मंग बोलत होतो तिच्यासंगं."

यावर मला काही बोलता आले नाही.

फेब्रुवारी २०२५ मधील तपासणीत कान मोकळे झालेले आढळले. त्याच्या थोडे आधी, दोन वर्षे पुरी होता होता, पहिला शब्द आला होता. तो 'बाबा' नव्हता. दारात गाय आली आणि कन्या स्पष्ट म्हणाली, "हम्मा." मग 'नको', 'दे', 'पानी', 'मंमं', 'चिऊ', असे मराठी-हिंदी शब्द हातात हात घालून आले. होळीनंतर मला मोजता येईनासे झाले. वहीची पाने त्यानंतर बरीच कोरी आहेत.

यंदा ऑगस्टात तान्हा पोळा झाला. तोच लाकडी बैल. त्याचे एक शिंग आता मोडले आहे. उन्हातून दोन आळ्या फिरून कन्या ओसरीवर आली, बैल आईच्या पुढ्यात उभा केला आणि म्हणाली, "आजी, बैल को पानी दे."

आई उठली. "हव माय, देतो," म्हणाली, आणि वाटीत पाणी आणून तिने बैलापुढे ठेवले.